वाकळीत लक्तरं जात नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरकडच्या एका मुलीने आजीवर लेख लिहिला. त्यात एक वाक्य आहे, "आजी उन्हाळाभर लक्तरांची गोधडी शिवत बसायची." लेख आईला वाचून दाखवला तेव्हा आई या वाक्यापाशी गप्प झाली. मग म्हणाली, "लक्तरं कशाला लिहिलीस? आपल्या घरी लक्तरं नव्हती." लक्तर म्हणजे फाटकं, जुनं कापडच ना? मग आईला एवढं लागायचं काय कारण? आणि लक्तर नको तर तिथे कोणता शब्द घालू? लेखात बहात्तरच्या दुष्काळाचंही एक वाक्य आहे, ते शेवटी बघू.

मी परभणीत ३६ वर्षं मुद्रितं तपासतोय. त्याआधीची पंधरा-सोळा वर्षं आईच्या वाकळीचे, म्हणजे गोधडीचे, कोपरे धरून बसण्यात गेली. तुमच्या प्रश्नाला दुसरी नोकरी जास्त उपयोगी पडेल.

आईचं बरोबर आहे. कोश उघडलात तर लक्तरासमोर चिंधी मिळेल आणि चिंधीसमोर फाटक्या कापडाचा तुकडा मिळेल. एवढ्यावर भागवलं की सगळे शब्द एका दावणीला बांधल्यासारखे दिसतात. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात ते तसे नसतात. आपल्याकडच्या कोणत्याही म्हातारीला विचारा. फाटकं कापड अंगावर असेल, धड झाकत नसेल आणि दुसरं काही नाही म्हणून तेच घालावं लागत असेल, तर ती त्याला लक्तर म्हणेल. तेच कापड अंगावरून उतरलं, धुतलं, वाळलं, घडी होऊन पेटीत गेलं, की तिच्या लेखी ते लक्तर राहत नाही. ते आता कामाचं झालं. लक्तरात माणूस असतो. म्हणून तुम्ही कापडाबद्दल लिहिलंत आणि आईला ते माणसाबद्दल ऐकू आलं.

मला अशी शंका आली की मी अर्थ शोधत बसत नाही, क्रियापद लावून बघतो. लक्तरं लोंबतात, लोंबकळतात, अंगावर असतात. जुनेर नेसतात. चिंधी फाडतात, बांधतात, गुंडाळतात, कनवटीला खोचून ठेवतात. कापड विरतं, रंग विटतो, वहाण झिजते, बाज खिळखिळी होते. आता अदलाबदल करून बघा. "तिने लक्तर नेसलं" असं कुणी म्हणताना ऐकलंय? नेसतात ते लुगडं किंवा जुनेर, आणि नेसता नेसता त्याची लक्तरं होतात. "बोट कापलं, लक्तर बांध" असंही कुणी म्हणत नाही. आणि लक्तरं शिवत तर कुणीच नाही. शिवलं की ते ठिगळाचं झालं, दंड घातलेलं झालं, लक्तराच्या यादीतून बाहेर पडलं. तुमच्या वाक्यात आजी शिवतेय. तिथेच शब्द अडकला.

चिंधीचं तर जुनेपणाशी काही देणंघेणं नाही. कृष्णाचं बोट कापलं तेव्हा सुभद्रा चिंधी शोधत राहिली आणि द्रौपदीने अंगावरचं भरजरी वस्त्र फाडून पट्टी बांधली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्या पट्टीलाही आपण चिंधीच म्हणतो. कापड राजघराण्यातलं, कोरं, जरीचं, तरी फाडून काढलेला अरुंद तुकडा ती चिंधी. शब्द आकाराचा आहे, वयाचा किंवा गरिबीचा नाही. लक्तर मात्र कोऱ्या कापडाचं होत नाही. त्याला दिवस जावे लागतात. (हल्ली पोरं 'चिंधी' हलक्या, कंजूष, फालतू अशा अर्थाने वापरतात. तो मुंबईचा माल आहे, मोबाइलमधून आपल्याकडे आला. 'चिंधीचोर' मात्र जुना आहे.)

तुम्हाला हवा असलेला शब्द 'जुनेर' आहे. नपुंसकलिंगी, अनेकवचन जुनेरं, सामान्यरूप जुनेरां-. वापरून जुनं झालेलं लुगडं म्हणजे जुनेर. शहरात हा शब्द आता नुसता दिसतो, ऐकू येत नाही, पण सत्तरीच्या पुढच्या बाया अजून सहज बोलतात. जुनेर म्हणताना लाज नसते, कीवही नसते. रानात जाताना काय नेसायचं? जुनेर. घर सारवताना काय नेसायचं? जुनेर. चांगलं लुगडं दांडीवर असतं म्हणून जुनेर नेसता येतं, हे त्या शब्दात गृहीत आहे. लक्तरात ते नसतं, कारण दांडी रिकामी असते.

आमच्या घरचं एक लुगडं सांगतो. हिरवं, लाल काठांचं, नऊवारी. आईने ते आधी लग्नाकार्यात नेसलं. मग बाजाराला, मग रोजचं, मग रानातलं. लुगडं बसण्या-उठण्याच्या जागी आधी जातं, काठाकडे शाबूत राहतं. तेव्हा आईने मधला फाटका भाग कापून काढला आणि उरलेले दोन तुकडे मधोमध जोडले. याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं नेसणारी बाई गरीब असेल, पण नीटनेटकी आहे, एवढं त्या शिवणीवरून कळायचं. दंडही चालेना तेव्हा त्याचे धडपे झाले. एकात भाकरी बांधली जाई, एकाची पाण्याच्या घागरीखाली चुंबळ झाली, आणि सगळ्यात मऊ भाग माझ्या धाकट्या बहिणीला बाळुतं म्हणून गेला. बाळुत्याला नवं कापड चालत नाही, ते बोचतं. म्हणजे घरात पाळणा हलणार असला की विरलेल्या कापडाचा भाव कोऱ्यापेक्षा वर जायचा. बाकीचं वाकळीच्या पोटात गेलं.

वाकळ घालायचा मुहूर्त उन्हाळ्यात, कामं संपून मृगाची वाट बघायची त्या दिवसांत. अंगणात आधी एक धड लुगडं पसरायचं, चार कोपऱ्यांवर चार दगड. त्यावर पोट भरायचं: धोतराचे तुकडे, जुनेरं, वडिलांच्या सदऱ्याची पाठ, पोरांच्या चड्ड्या उसवून सपाट केलेल्या. प्रत्येक तुकडा आधी धुतलेला. त्याच्या शिवणी, गुंड्या, नाड्या काढलेल्या. कुठे जाड कुठे पातळ होऊ नये म्हणून आई तळहात फिरवून बघायची आणि पातळ लागेल तिथे एक तुकडा सरकवायची. वरून दुसरं लुगडं. मग कडेने टाके सुरू होत आणि फिरत फिरत मधे येत. दोघी-तिघी शेजारणी समोरासमोर बसायच्या. कुणाचा टाका मोठा पडला की तोंडावर सांगायच्या, "ही काय वाकळ शिवायलीस का पोतं?" शेवटचे टाके घालायच्या आधी आई भाकरीचा तुकडा आत सारायची. वाकळ उपाशी ठेवू नये म्हणायची. ज्या गोष्टीला बाया जेवू घालतात तिला लक्तरांची म्हणायचं का, हे आता तुम्हीच ठरवा.

आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. तिच्या घरी विठ्ठल आला, पहाटे गडबडीत आपला शेला विसरला आणि तिची वाकळ पांघरून राउळात जाऊन उभा राहिला, अशी कथा सांगतात. कथा सांगणाऱ्यांनी देवाच्या खांद्यावर वाकळच ठेवली. कापड तेच असतं, तिच्या घरी तरी कुठलं दुसरं असणार. पण शब्द निवडताना कुणाचा हात चुकला नाही.

विरलेलं आणि फाटलेलं यांत लोक फार गोंधळ करतात. मुद्रितात तर रोज. फाटायला एक क्षण पुरतो: खिळ्याला अडकलं, बाभळीच्या काट्याला लागलं. विरायला वर्षं लागतात. विरलेलं कापड कुठेही फाटलेलं नसतं, नुसते आडवे-उभे धागे एकमेकांपासून सुटे होऊन आरपार दिसायला लागतं. विरळ आणि विरणं मनात शेजारी ठेवा म्हणजे चुकणार नाही. हा फरक सगळ्यात चोख कुणाला कळतो, तर जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाईला. आमच्या गल्लीत एक यायची. साडी हातात घेतली की ती आधी उलगडून उजेडासमोर धरायची. काठ बघायची नाही, रंग बघायचा नाही. दोन्ही अंगठे मधल्या भागावर ठेवून हलकं ताणायची. "फाटलेलं चालतंय ताई, हे विरलंय." फाटलेल्याला रफू आहे, ठिगळ आहे. विरलेल्याला सुई लावली की सुईच्या दोन्ही बाजूंनी नवं फाटतं. त्या साडीवर तिने स्टीलची एक वाटीसुद्धा दिली नाही, आणि माझी बायको दिवसभर धुसफुसत होती.

विरण्यापुढची पायरी म्हणजे दशा निघणं. कापडाच्या कडेचे सुटलेले धागे म्हणजे दशा. "धोतराच्या दशा लोंबायल्यात" असं आपण म्हणतो. लक्तरं हा शब्द आता दाराशी येऊन उभा राहिला असं समजा.

जीर्ण हा शब्द तुमच्या वाक्यात घालण्याचा मोह होईल. घालू नका. शब्द फार चांगला आहे, पण तो पुस्तकातला. त्याचं मूळ झिजण्या-म्हातारं होण्याच्या धातूत आहे. जरा म्हणजे म्हातारपण, जर्जर, हे सगळे त्याचेच भाऊबंद, आणि आपला रोजचा 'जुना'सुद्धा त्याच घराण्यातला. गंमत म्हणजे पचलेल्या अन्नालाही जीर्ण म्हणतात, म्हणून न पचलेलं ते अजीर्ण. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आत्मा देह बदलतो त्याला जुनी वस्त्रं टाकून नवी घेण्याची उपमा आहे, तिथे 'वासांसि जीर्णानि' आहे. पैठणजवळच्या आपेगावचे ज्ञानेश्वर ते मराठीत आणताना 'जीर्ण वस्त्र सांडिजे' म्हणतात. सांडिजे, म्हणजे टाकून द्यावं, आणि पुढे नवं नेसावं. तिथे जीर्णच पाहिजे. लक्तर घातलं असतं तर देहाची निंदा झाली असती, जुनेर घातलं असतं तर कुणी टाकलं नसतं, वाकळीत भरलं असतं.

देवळालाही जीर्ण चालतं, कारण पुढे जीर्णोद्धार यायचा असतो. वेरूळच्या घृष्णेश्वराचा अहिल्याबाई होळकरांनी केला तो जीर्णोद्धार. त्याला 'दुरुस्ती' म्हटलं तर भाविक अंगावर येतील. कागदालाही चालतं. आपल्याकडे निजामाच्या काळातली उर्दू दप्तरं आहेत, त्यांच्या नकला मागायला गेलात तर "अभिलेख जीर्ण झाल्याने नक्कल देता येत नाही" असं लेखी उत्तर येतं. मला एका कार्यालयातून एकाच जमिनीसाठी दोनदा आलं. तिसऱ्या खेपेला तोच कागद बऱ्यापैकी धडधाकट निघाला. सरकारी मराठीत जीर्ण या शब्दाचा हा आणखी एक उपयोग. पण माळवदाला, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छताला, आपण जीर्ण म्हणत नाही. माळवद गळतं, खचतं, बसतं. आणि आजीच्या लुगड्याला जीर्ण म्हणालात तर आजी विचारेल, "कोण, कुणाचं देऊळ?"

एक गोष्ट या निमित्ताने सांगतो, तुमच्या वाक्याला तिचा उपयोग नाही. 'कापड' हा आपला साधा, रोजचा, दुकानाच्या पाटीवरचा शब्द संस्कृतातल्या 'कर्पट' पासून आला. कर्पट म्हणजे चिंधी, ठिगळाचं वस्त्र. अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात जीर्ण वस्त्राच्या शब्दांच्या रांगेत तो 'नक्तक' या त्याच अर्थाच्या शब्दाच्या जोडीला बसलेला आहे. शेकडो वर्षांत चिंधी वर चढत गेली आणि सगळ्या कपड्यालत्त्याचं नाव झाली. उलटा प्रवास पोतेऱ्याचा. पोतेरं म्हणजे सारवायला, पुसायला घेतलेलं कापड. त्याच्या खाली कापडाला जागा नाही. माणूस मात्र तिथेही पोचतो. "जिवाचं पोतेरं झालं" म्हणतात तेव्हा समोरच्याने आपल्याला वापरून, पिळून, कोपऱ्यात टाकलं, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं. हेच "जिवाची चिंधी झाली" असं कुणी म्हणत नाही.

सगळ्याच चिंध्या पोतेऱ्याकडे जातात असंही नाही. पीळ देऊन तेलात भिजवली की तिचा काकडा होतो, आणि पहाटेच्या काकडआरतीला तो देवाच्या तोंडासमोर जळतो. गाडगेबाबा अंगावर चिंध्यांचा, ठिगळांचा अंगरखा घालून फिरले. लोक त्यांना गोधडेबाबा म्हणत. लक्तरेबाबा कुणी म्हणालं नाही. कपडा फाटका होता, पण तो त्यांनी निवडला होता, आणि माणसं हे बरोबर ओळखतात.

आता लक्तर कुठे वापरायचं. पहिली जागा ठरलेली: अब्रूची लक्तरं वेशीवर टांगणं. वेस म्हणजे गावाचं दार. येणारा-जाणारा, पाहुणा, सोयरा, बैलगाडीवाला, सगळे तिथूनच जाणार. अंगावर होतं तोवर निदान अंधारात, घरात लपवता येत होतं. तेच काढून वेशीवर लटकवलं. या वाक्प्रचारात लक्तर हा अवघड शब्द आहे, कारण ज्याची टांगली तो आता उघडा आहे हे न बोलता सांगितलेलं असतं. वर्तमानपत्रांनी त्याचा चोथा केला. रस्त्याला खड्डे पडले की व्यवस्थेची लक्तरं वेशीवर, नळाला पाणी नाही की प्रशासनाची लक्तरं वेशीवर, निकाल उशिरा लागला की तेच. मी एका आठवड्यात असे पाच मथळे मोजले होते. नळाला पाणी नसेल तर "नळाला पाणी नाही" असा मथळा द्यावा. वाचणाऱ्या बाईच्या हातात रिकामी घागर असते, तिला वेस दाखवून काय उपयोग?

दुसरी जागा खरोखरच्या माणसाची. अंगावर लक्तरं आहेत असं लिहिलंत की वाचणारा नजर खाली घालतो. ती घालायला लावायची असेल तेव्हाच लिहा.

म्हणून तुमच्या आईकडे परत येतो. तुमच्या लेखावरून आजीचा जन्म स्वातंत्र्याच्या आगेमागे झालेला दिसतो, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात ती पंचविशीची, पदरात पोरं असलेली. त्या वर्षी मराठवाड्यात काय होतं हे वेगळं सांगायला नको: खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, हातात मदतीची सुकडी, घरात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. धान्याचीच मारामार होती तिथे कापडाचं कोण बघतं. एका घरातल्या सासू-सुना एकच धड लुगडं आळीपाळीने बाहेर जायला नेसायच्या, हे मी आमच्याच वाड्यात ऐकलंय. ते दिवस ज्यांनी बघितले त्यांच्यासाठी लक्तर हा कोशातला शब्द उरत नाही. तुमची आई त्या वेळी लहान असेल. "आपल्या घरी लक्तरं नव्हती" हे वाक्य तिने तिच्या आईच्या बाजूने उच्चारलं. आजीने तेवढी वेळ घरावर येऊ दिली नाही, दंड घालून, ठिगळ लावून, वाकळी शिवून तिने ती वेळ लांब ठेवली, असा त्याचा अर्थ. आणि तुम्ही नेमक्या त्या वाकळीलाच लक्तरांची म्हणालात.

"आजी उन्हाळाभर जुनेरांची वाकळ शिवत बसायची" असं करा. गोधडी ठेवायची तर ठेवा, आपल्याकडे दोन्ही चालतं. पण आजी स्वतः काय म्हणायची ते आईला विचारून घ्या आणि तोच शब्द लिहा. जुनेर हा शब्द वाचकाला कळणार नाही अशी भीती वाटली तर कंसात अर्थ देऊ नका. पुढच्याच वाक्यात एखादं जुनेर दाखवा, कोणत्या रंगाचं, कुणाच्या लग्नातलं. कळेल.

राहिलं दुष्काळाचं वाक्य: "रोजगाराच्या कामावर जुनी कपडे घातलेल्या बायका खडी फोडत होत्या." इथे तुम्ही उगाच हात आखडता घेतलात. शब्दांची जागा बदलली आहे, दुसरं काही नाही. वाकळीतली लक्तरं उचला आणि इथे आणा: "अंगावरची लक्तरं एका हाताने सावरत बाया खडी फोडत होत्या." हे वाक्य आईला वाचून दाखवा. मला वाटतं ती हरकत घेणार नाही.

आणि 'जुनी कपडे' नको. कपडा पुल्लिंगी आहे, जुने कपडे.